मदत हवी आहे: अल्ट्रासोनिकने अ‍ॅल्युमिनियम खरंच मऊ होतंय, की दाब-चाचणीचं यंत्र (यूटीएम) फसवतंय?

नमस्कार मंडळी,

एम.टेक.चा प्रोजेक्ट अडकलाय. एनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचे 8 मिमी व्यासाचे, 12 मिमी उंचीचे तुकडे यूटीएमवर दाबतोय. वरून 20 किलोहर्ट्झचा हॉर्न (तुकड्याला कंपन देणारा धातूचा दांडा), अ‍ॅम्प्लिट्यूड 10 मायक्रॉन. जनरेटर चालू केला की स्ट्रेस (ताण) तिथल्या तिथे साधारण 30 मेगापास्कलने उतरतो, बंद केला की लगेच वर. वर म्हणजे आलेखावरच्या कंपनाआधीच्या जुन्या रेषेच्याही किंचित वर!

सर म्हणतात, तुकडा तापतोय. मला पटत नाही. तापलेला धातू बटण बंद केल्याबरोबर थोडाच गार होतो? 1955 साली ब्लाहा आणि लांगेनेकर यांनी जस्ताचा एकस्फटिक (अख्खा एकच स्फटिक असलेला तुकडा) ओढताना अल्ट्रासोनिक लावलं, तेव्हा ताण सुमारे 40 टक्क्यांनी उतरला होता. ध्वनीची ऊर्जा थेट डिसलोकेशनना (स्फटिकातल्या ज्या दोषरेषा सरकल्या की धातू वाकतो, त्यांना) मिळते, असं त्यांचं म्हणणं. माझंही तेच होतंय, या आनंदात होतो.

पण एका सीनियरने खडा टाकला: लोडसेल (यंत्रातला बल मोजणारा सेन्सर) फक्त सरासरी दाखवतो; कंपनाने ताण वरखाली होत असेल, तर शिखर जुन्या रेषेवर असूनही सरासरी खाली दिसते. यूटीएम सेकंदाला 100 नोंदी घेतं, म्हणजे दोन नोंदींमध्ये हॉर्नची 200 कंपनं होऊन जातात. लांब दांड्यातल्या लहरीच्या सूत्राने कंपनाचा ताण साधारण 17 मेगापास्कल येतो. मग उरलेले 13 खरे मऊपणाचे धरू का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद 1
धरू नका. ते सूत्र लांब दांड्याचं. अ‍ॅल्युमिनियममध्ये 20 किलोहर्ट्झची लहर सुमारे 25 सेंमी लांब असते, तुमचा तुकडा 12 मिमीचा. इथे सरळ 10 मायक्रॉनला 12 मिमीने भागा आणि 70 गिगापास्कलने (अ‍ॅल्युमिनियमचा यंग मोड्युलस, म्हणजे ताठपणा) गुणा. खालचा अँव्हिल (तुकड्याखालचा आधार) हलत असेल तर ताण याहून कमी भरेल, पण वरची मर्यादा कळेल. शिवाय प्लेटनशी (दाबणाऱ्या पाट्यांशी) होणारं घर्षणही कंपनाने कमी होतं. ग्रीस लावून आणि न लावता, दोन्ही करून पाहा. तुकडा ढोलासारखा कमी फुगला तर घर्षणाचा वाटा आहेच.

धागाकर्ता
58 मेगापास्कल आले! म्हणजे माझे 30 अख्खेच्या अख्खे सरासरीच्या खेळात जाऊ शकतात? दोन चॅप्टर लिहून झालेत हो.

प्रतिसाद 1
जाऊ शकतात, गेलेच असं नाही. तुकड्याखाली क्वार्ट्झचा पीझो सेन्सर (झटपट बदलणारं बलही टिपणारा) बसवा, निदान 200 किलोहर्ट्झने नोंदी घ्या. कंपनातलं ताणाचं शिखर जुन्या रेषेला टेकत असेल तर नुसती कंपनाच्या ताणाची बेरीज-वजाबाकी, मऊपणा नाही. शिखरच खाली असेल तर खरा मऊपणा, किंवा घर्षण. आणि बंद केल्यावर रेषा वर जाते ना, ते जपा. कंपन थांबल्यावर सरासरीचा प्रश्नच उरत नाही, म्हणजे आत डिसलोकेशनची मांडणी बदललीय. अ‍ॅल्युमिनियममध्ये हा मागे उरणारा कडकपणा इतरांनाही दिसलाय. मी असतो तर प्रबंध त्यावरच उभा केला असता.

धागाकर्ता
शेजारच्या लॅबमध्ये पीझो सेन्सर आहे, उद्या मागतो. ग्रीसवाली चाचणी आजच लावतो.