पीएचडी पूर्ण होण्याआधी पहिले घर घ्यावे का? (पुणे)

शेवंती:
मी पुण्यात पूर्णवेळ पीएचडी करत असून हे दुसरे वर्ष आहे. मला अधिछात्रवृत्तीचे दरमहा ३७,००० रुपये मिळतात आणि पतींचा पगार हातात ८५,००० येतो. धायरीत पुनर्विक्रीचा, भोगवटा पत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) असलेला टू बीएचके फ्लॅट ५२ लाखांना ठरतो आहे. दुसरी खोली जेमतेम आठ बाय दहाची आणि खिडकी डक्टकडे उघडणारी असली, तरी माझे अभ्यासाचे टेबल तिथे बसते. सध्या ते वॉशिंग मशीनला खेटून आहे. शिल्लक १६ लाख आहे आणि माझ्या एमएस्सीच्या शैक्षणिक कर्जाचा ६,५०० रुपयांचा हप्ता चालू आहे. घर एकटीच्या नावावर केल्यास मुद्रांक शुल्क कमी लागेल, असे एजंट सुचवतो. आता घ्यावे की थांबावे?

जुनाजाणता:
३० ते ७५ लाखांच्या दरम्यानच्या गृहकर्जासाठी बँक मालमत्तेच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देते, म्हणजे तुम्हाला ४१.६ लाख मिळू शकतील आणि १०.४ लाख स्वतःचे घालावे लागतील. मुद्रांक शुल्क मात्र त्या किमतीत धरले जात नाही. पुणे महापालिका हद्दीत ते उपकरांसह ७ टक्के, म्हणजे ३.६४ लाख होते (रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर जास्त निघाला तर त्यावर), शिवाय नोंदणीचे ३०,०००. एकूण १४.३४ लाख गेल्यावर दलाली, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क आणि किरकोळ दुरुस्ती यांसाठी दीड लाखाच्या आसपास उरतात, आणि अडीअडचणीला काहीच राहत नाही. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता सुमारे ३६,१०० बसतो. तो पतींच्या एकट्याच्या पगारावर पेलतो का, एवढेच पाहावे. अधिछात्रवृत्ती मुदतीची असल्याने ती हिशेबात धरू नये. माझ्या मते घर परवडते, पण आज नाही.

कऱ्हाकाठ:
एजंटाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. महिलेला एक टक्का सवलत आहे, परंतु खरेदीदार केवळ महिला असतील तरच. पतींचे नाव जोडताच ती जाते. ५२,००० वाचवण्यासाठी घर तुमच्या एकटीच्या नावावर केले आणि हप्ते पतींनी भरले, तर ते मालक नसल्याने जुन्या आयकर प्रणालीतील गृहकर्जाच्या व्याजाची वजावट त्यांना मिळणार नाही. याउलट तुमची कमाई आज कमी आहे म्हणून तुमचे नाव वगळण्याचा मोहही टाळावा, कारण नंतर नाव घालायचे तर बक्षीसपत्र (मालमत्तेतला हिस्सा भेट दिल्याचा दस्त) करावे लागते आणि कर्ज चालू असताना त्याला बँकेची संमती लागते. दोघांची नावे असावीत. मात्र सहमालक झालात की बँक सहसा तुम्हाला सहकर्जदारही करते आणि किती कर्ज मिळेल हे ठरवताना तुमचा ६,५०० चा हप्ता वजा होतो.

आणखी एक, किंमत ५० लाखांच्या वर असल्याने विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का करकपात (टीडीएस) करून सरकारकडे भरणे ही खरेदीदाराची जबाबदारी आहे. विक्रेत्याला पूर्ण रक्कम देऊन मोकळे होऊ नका.

शेवंती:
करकपातीचे एजंट काहीच बोलला नव्हता. पीएचडीनंतर बाहेरगावी जावे लागण्याची शक्यता आहे, हे लिहायचे राहिले.

जुनाजाणता:
मग तेच पहिल्यांदा ठरवा. तुम्ही तीन वर्षांनी बेंगळुरूला गेलात आणि पती पुण्यातच राहिले, तर हप्ता आणि तिकडचे भाडे असे दुहेरी ओझे येईल. विकायचे म्हटले तरी मुद्रांक शुल्क आणि दलाली परत मिळत नाही, आणि सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा भाग व्याजातच जातो. पतींची नोकरी पुण्यातच पक्की असेल, तर वर्षभर थांबून चार-पाच लाख आणखी साठवावेत आणि मग याच भागात पाहावे. तरीही हाच फ्लॅट हवा असेल, तर कर्ज नामंजूर झाल्यास विसार (सौदा पक्का करताना आगाऊ दिलेली रक्कम) परत मिळेल हे विसारपावतीत लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.