खेकडा अडलाय: १६.५ की १९.२? (आणि तुमच्या टेबलावर सध्या काय?)

घाटातला_खेकडा (डोंबिवली)

लोकहो, पावसामुळे रंगकाम बंद. म्हणून टेबलावरचा पसारा मांडतो आणि एक प्रश्न विचारतो. तुमचाही पसारा दाखवा, म्हणजे घरी बोलणी खाणारा मी एकटाच नाही एवढं तरी कळेल.

माझ्याकडे गेले चौदा महिने एकच काम आहे: जुन्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या 'खेकड्या'ची, म्हणजे डब्ल्यूसीजी-१ या विजेच्या इंजिनाची छोटी प्रतिकृती. नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. कल्याणच्या पुढे घाटांत वीज नेली, तेव्हा मालगाड्या चढवायला १९२८च्या सुमारास ही इंजिनं आणली. स्विस 'मगर' इंजिनांच्या घराण्यातली. मधे केबिनचा डबा, मागेपुढे दोन लांब नाकं. वळणावर नाकं आपापली वळतात आणि डबा त्यांच्यावर टेकून जातो. एकूण ४१ होती. आता एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे आणि एक वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात. वरळीचं मी टेप घेऊन तीनदा मोजलंय. तिसऱ्या वेळी पहारेकऱ्याने टेपचं दुसरं टोक धरलं.

बाबा कल्याण लोको शेडला फिटर होते. त्यांच्या तोंडून 'डब्ल्यूसीजी' मी कधी ऐकलं नाही, कायम 'खेकडा'. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ते घरी येऊन म्हणाले, "आज तीन खेकडे आलेत," तर आईने खोबरं भाजायला घेतलं होतं.

तर काम कुठवर आलंय: प्रमाण १:८७. डबा आणि दोन्ही नाकं अर्ध्या मिलिमीटरच्या स्टायरीन (प्लास्टिक) शीटची. रिव्हेट करताना वैताग आला. पोळ्या गुंडाळायची फॉइल फार पातळ, लगेच फाटते. शेवटी हॉटेलच्या पार्सलचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा कापला, माऊसपॅडवर उलटा ठेवला आणि बोथट केलेल्या सुईने पट्टी धरून एकेक टिंब दाबलं. एका नाकाच्या एका बाजूला २१२ रिव्हेट. सत्तराव्याला शिंक आली, ती पट्टी गेली.

आता प्रश्न. बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिमीचा, म्हणजे दोन पट्ट्यांमधलं अंतर तेवढं. त्याला ८७ने गुणलं की १४३५ येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेचं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज १६७६. ते १:८७ला १९.२ व्हायला हवं. वरचा डबा मापात आणि खाली चाकांमधलं अंतर पावणेतीन मिलिमीटरने कमी. समोरून बघितलं की भारदस्त माणसाने लहान मुलाच्या चपला घातल्यासारखं दिसतं. मी एकटाच वेडा आहे की तुम्हालाही खुपतं? १६.५वर बसवून मोकळा होऊ, की १९.२चा रूळ हाताने टाकू?

मुठाकाठ (पुणे)

माझ्या टेबलावर मिग-२१ बिस, १:४८. सप्टेंबर २०२५मध्ये हवाई दलाने चंदीगडला या विमानाला दिलेला निरोप टीव्हीवर बघितला आणि दुसऱ्याच दिवशी माळ्यावरचं खोकं खाली काढलं. पोट आणि पंख जुळवून झालेत, फटी भरायच्यात.

पावसाचं म्हणाल तर मी शहाणपणा केला आणि जुलैत लॅकर मारलं. दहा मिनिटांत पंखांवर ताक सांडल्यासारखा पांढुरका थर. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं दव त्यावर बसतं. सगळा पंख खरवडायला घेणार होतो, पण त्यावर नुसत्या रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरचा हलका फवारा दिला तर बराचसा थर विरघळून गेला. आता एअरब्रश दिवाळीपर्यंत कपाटात.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: १६.५वर ठेवा आणि पुढे जा. इंग्लंडात लोक ४ मिमीला एक फूट या मापाच्या गाड्या ३.५ मिमीला एक फूटवाल्या, म्हणजे याच १६.५च्या रुळावर पिढ्यान्‌पिढ्या चालवतायत, कुणाचं काही अडलेलं नाही. पट्टी घेऊन कोण येतंय मोजायला? (तुमच्यासारखा येईल म्हणा, पहारेकऱ्याला घेऊन.)

बॅंकर_कर्जत (नाशिक)

मुठाकाठ, तुमचं म्हणणं डिझेलला लागू आहे. डब्ल्यूडीएम-२ केलं असतं तर मीही १६.५च म्हणालो असतो, कारण त्याची चाकं बोगीच्या, म्हणजे चाकांच्या सांगाड्याच्या, फ्रेममागे लपतात. खेकड्याचं सगळं रूपच खाली आहे. चाकांना जोडणारे दांडे उघडे फिरतात. चाकं प्रत्येक बाजूला १.४ मिमी आत सरकली की दांडेही आत जातात, नाकाच्या सावलीत गडप. मग चौदा महिने कशासाठी घालवलेत?

आणि एक विचारतो, रागावू नका. दांडे झालेत का? रिव्हेटचं वर्णन परिच्छेदभर आहे, दांड्यांचा उल्लेखच नाही. अनुभवी माणसाला हे लगेच कळतं.

माझ्या टेबलावर काही नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी महिनाभर मनाई केलीय. म्हणून इतरांच्या धाग्यांवर हिंडतोय.

घाटातला_खेकडा

बॅंकरसाहेब, पकडलंत.

दांडे झालेत, पण खेकडा लंगडतो. एका लेझर कटिंगवाल्याकडून पितळी दांडे कापून आणले. भोकं कागदावर बरोबर, हातात घेतल्यावर एक दांडा केसभर लांब. चाकाच्या दर फेऱ्यात एका ठरावीक जागी इंजिन अडखळतं, मग उसळी मारून पुढे. मोटर लॅमिंग्टन रोडची, तिचा दोष नाही. भोकं कानशीने थोडी मोठी केली तर अडखळणं कमी झालं, पण आता दांडे खुळखुळतात.

बॅंकर_कर्जत

मोठी करू नका! आधी तपासा की दोन्ही बाजूंच्या क्रॅंकमध्ये (चाकावर दांडा अडकतो ती खुंटी) नव्वद अंशांचा फरक चाकांच्या सगळ्या जोड्यांना *सारखा* आहे का. तो नेमका नव्वदच हवा असं नाही. ब्याऐंशी असला तरी चालेल, पण तीनही जोड्यांना ब्याऐंशीच. एक जोडी वेगळी निघाली की दांडा ताणतो. तुमच्यासारखे लोक दांड्याला शिव्या देतात आणि चोर असतो चाक.

करायचं असं: मोटर काढा. एका बाजूचे दांडे काढून फक्त दुसऱ्या बाजूचे ठेवा, बोटाने ढकला. गुळगुळीत चाललं तर त्या बाजूची भोकं ठीक. मग बाजू बदला. दोन्ही बाजू सुट्या सुट्या चालल्या आणि एकत्र अडल्या, तर खोट चाकाच्या कोनात. पुढचे दांडे लेझरवाल्याकडे देऊ नका. दोन पट्ट्या एकमेकींवर डाग देऊन (सोल्डर करून) जोडा, भोकं एकदम पाडा, मग सोडवा. दोन्ही दांडे जुळे निघतात.

एकास_शंभर (कोल्हापूर)

मी आर्किटेक्ट, रेल्वेतलं मला ओ की ठो कळत नाही. टेबलावर राजगडाची बालेकिल्ल्यासकट प्रतिकृती आहे. पुतण्याचा दिवाळीचा किल्ला म्हणून सुरू केली. पुतण्या आता दहावीत गेला, किल्ला माझ्याकडेच राहिला. सध्या सुवेळा माचीचं नेढं (कड्यातलं आरपार भोक) कोरतेय.

पण हिशोब येतो म्हणून विचारते. १६७६ भागिले १०० म्हणजे १६.७६. तुमचा रूळ १६.५. मग इंजिन १:१००ला का केलं नाहीत? फरक पाव मिलिमीटरचा. आणि १:१०० हे आमचं रोजचं माप: माणसं, झाडं, बाकडी, गाड्या, सगळं मिळतं. माझ्याकडे १:१००ची साठेक पांढरी माणसं डब्यात पडून आहेत.

मुठाकाठ (पुणे)

आई शप्पथ.

घाटातला_खेकडा

ताई, हे चौदा महिन्यांपूर्वी कुठे होतात?

हिशोब बिनचूक आहे. पण डबा झालाय, नाकं झाल्येत, आठशेच्या वर रिव्हेट झाल्येत आणि चाकं १४ मिमीची आहेत. १:१००ला ती १२.२ची हवीत. आता मागे फिरायचं तर सगळं भंगारात. पुढचं इंजिन, म्हणजे डेक्कन क्वीनचं डब्ल्यूसीपी-१, नक्की १:१००ला. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे मोडता येणार नाही.

काल रात्री एक प्रयोग केला. कार्डबोर्डची दोन नाकं कापली, समोरच्या बाजूने चाकं चिकटवली, एक १६.५ला आणि एक १९.२ला. काही न सांगता बाबांसमोर ठेवली. बाबा ८६ वर्षांचे आहेत, चष्मा कपाळावर ढकलून एकेक जवळ धरून बघितलं. १९.२वालं बाजूला ठेवलं. १६.५वालं बोटात धरून म्हणाले, "हे माथेरानला चाललंय का?"

विषय संपला. रूळ हाताने टाकतोय.

मग रंगाचं विचारलं. मला वाटलं तपकिरी, हिरवा, काहीतरी ठाम सांगतील. तर म्हणे, "शेडमध्ये यायचा तेव्हा ग्रीसच्या रंगाचा असायचा."

बॅंकर_कर्जत

वडिलांना माझा नमस्कार सांगा. खालच्या भागाला रंग नाहीच, नुसता मळ असतो. बिडाचे ब्रेक ब्लॉक झिजून जी भुकटी उडते तिचा तांबूस थर चाकांवर आणि फ्रेमवर बसतो. त्यासाठी परदेशी पिगमेंटच्या बाटल्या मागवू नका. कुंडीला लावतात तो गेरू आणा, वस्त्रगाळ करा आणि मऊ ब्रशने टेकवा. गेरू म्हणजे लोखंडाचा गंजच आहे, त्याहून खरा गंज कुठे मिळणार. ग्रीसच्या जागी चमकदार काळ्यात किंचित तपकिरी.

घाटातला_खेकडा

गेरू गॅलरीत आहे, दिवाळीचा उरलेला.

दांड्यांचं सांगायचं राहिलं. तुम्ही म्हणालात तसं एकेक बाजू चालवून बघितली. दोन्ही लोण्यासारख्या. एकत्र लावल्या की अडलं. मधल्या जोडीचं एक चाक अ‍ॅक्सलवर फिरलेलं निघालं, साधारण पाच अंश. दांडा बिचारा निर्दोष होता आणि मी त्याची भोकं कोरत बसलो. आता नवे दांडे, या वेळी जुळे.

रूळ असा करतोय: तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डच्या पट्ट्या, तेच स्लीपर. प्रत्येक पट्टीवर मधोमध करवतीने तांबं कापायचं, नाहीतर शॉर्ट सर्किट. तयार रुळातून धातूच्या पट्ट्या उपसून वर डाग द्यायचा. अंतरासाठी १९.२ला घासलेला पितळी ठोकळा. पहिल्या फुटाला चार तास लागले. घाटाची काळी खडी म्हणून बांधकामावरची कच आणून चहाच्या गाळणीतून गाळली. गाळणी नवी घेऊन देण्याच्या अटीवर परवानगी मिळाली. फेव्हिकॉलमध्ये पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, नाहीतर थेंब खडीवरून घरंगळतो, आत शिरत नाही.

एकास_शंभर ताई, तुमच्या साठ माणसांपैकी दोन पाठवाल का? १:८७च्या केबिनच्या दारात १:१००चा माणूस जरा बुटका दिसेल. बाबा म्हणतात चालेल, त्यांचा ड्रायव्हर बुटकाच होता.

एकास_शंभर (कोल्हापूर)

चार पाठवते. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एकाचा हात तुटलाय, त्याला खिडकीत बसवा.