ग्रामीण डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा रुग्णाला झालेला उपयोग मोजायचा कसा?

अन्विता (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयातर्फे ग्रामीण रुग्णालयांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षणवर्ग घेतला जातो. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, गरोदरपणातील झटके, जन्मतः न रडलेले बाळ, तीव्र तापाने गंभीर झालेले मूल, अशा रुग्णाला पहिल्या तासात काय उपचार द्यायचे, हा त्याचा विषय आहे. वर्गाच्या आरंभी आणि अखेरीस तीच प्रश्नपत्रिका सोडवून घेतो आणि गुण दरवेळी वाढलेले दिसतात. आता या गुणांच्या आधारे शोधनिबंध लिहावा, असा आमच्या विभागात आग्रह होत आहे.

माझ्या मनात दोन शंका आहेत. गुण वाढले म्हणून रुग्णसेवा सुधारली, असे म्हणायला आधार कोणता? मातामृत्यू मोजावेत, तर एकेका लहान रुग्णालयात त्यांची संख्या इतकी थोडी असते की वाढ काय आणि घट काय, दोन्हींवरून काहीच ठरवता येत नाही. दुसरी शंका आशयाविषयी आहे. आम्ही जे शिकवतो त्यातले बरेचसे मोठ्या रुग्णालयांतील संशोधनावर आधारलेले असते. तिथे रक्तपेढी, अतिदक्षता विभाग आणि चोवीस तास भूलतज्ज्ञ उपलब्ध असतात. तेच एका डॉक्टरच्या आणि दोन परिचारिकांच्या भरवशावर चालणाऱ्या रुग्णालयासाठी जसेच्या तसे शिकवणे कितपत योग्य आहे? संशोधन आणि प्रशिक्षण या दोन्हींचा अनुभव असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

विवेचक

गुणांवरचा निबंध छापून येईल, याबद्दल शंका बाळगू नये. तसे निबंध उदंड छापून येतात. मात्र डॉक्टरला काय माहीत आहे आणि समोर रुग्ण असताना तो काय करतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रश्नपत्रिकेतून फक्त पहिली कळते.

पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात झालेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी जरूर पाहावा. त्यातील ३०४ उपचारक वैद्यकीय पदवी नसलेले होते, त्यामुळे तो आपल्या गटाला थेट लागू होत नाही, पण त्यांनी परिणाम मोजला कसा, हे शिकण्यासारखे आहे. चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने निवडलेल्या निम्म्या उपचारकांना नऊ महिने, ७२ सत्रांत शिकवले गेले. नंतर छातीत दुखणे, दमा किंवा घरी असलेल्या मुलाची हगवण अशी तक्रार घेऊन, रुग्णाची भूमिका वठवणाऱ्या तयार केलेल्या व्यक्ती सर्वांकडे पाठवण्यात आल्या. प्रशिक्षितांकडून योग्य उपचार मिळण्याचे प्रमाण वाढले. अनावश्यक औषधे आणि प्रतिजैविके देण्याची सवय मात्र तशीच राहिली. शिकवल्याने चुकलेले सुधारते, पण ज्या सवयीची मुळे अज्ञानात नसून रुग्णाच्या अपेक्षेत आणि मिळकतीत आहेत ती वर्गात बसून जात नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

दुसरे उदाहरण उत्तर प्रदेशातील आहे आणि ते अधिक बोचरे आहे. सुरक्षित प्रसूतीच्या तपासणीसूचीचा वापर रुजावा म्हणून तेथील निम्म्या आरोग्यकेंद्रांत आठ महिने मार्गदर्शक पाठवण्यात आले. तुलनेची केंद्रे धरून एकूण १२० केंद्रे होती, प्रसूती दीड लाखाहून अधिक होत्या आणि निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन महिन्यांनी पाहिले तेव्हा आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के कृती पार पाडल्या जात होत्या, तर तुलनेच्या केंद्रांत ४२ टक्के. मार्गदर्शन थांबल्यावर चार महिन्यांनी पहिला आकडा ६२ पर्यंत उतरला. आणि माता व बाळांचे मृत्यू आणि मातेची गंभीर गुंतागुंत मिळून जो मुख्य निकष होता, त्यात दोन्ही गटांत फरकच आढळला नाही: १५.१ टक्के आणि १५.३ टक्के. हात धुतले गेले, रक्तदाब मोजला गेला, पण वाढलेला रक्तदाब दिसल्यावर पुढे जे कौशल्य, औषध आणि वरच्या रुग्णालयाची साथ लागते, ती सूचीने निर्माण होत नाही.

याउलट रक्तस्रावाबाबतचा २०२३ चा चार आफ्रिकी देशांतील अभ्यास पाहा: ८० रुग्णालये, दोन लाखांहून अधिक प्रसूती. प्रसूती होताच मातेखाली प्लास्टिकची एक चादर पसरतात, तिचे टोक नरसाळ्यासारखे खाली लोंबते आणि त्यात साठणारे रक्त बाहेरच्या खुणांवरून मिलिलिटरमध्ये वाचता येते. तुलनेच्या रुग्णालयांतही रक्त चादरीतच साठवले जात होते, फक्त तिच्यावर खुणा नव्हत्या. खुणांची चादर, गर्भाशयाला मसाज, गर्भाशय आकुंचित करणारे ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवून धरणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, शिरेतून सलाईन आणि तपासणी हे सारे एकामागून एक न करता एकाच वेळी सुरू करण्याची शिस्त लावल्यावर गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे झालेला मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. यात मोठा वाटा गंभीर रक्तस्राव घटण्याचा होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण रक्तस्राव वेळेत ओळखला जाण्याचे प्रमाण ५१ वरून ९३ टक्क्यांवर गेले, आणि मला वाटते खरे मर्म तिथेच आहे. प्रशिक्षणाबरोबर हातात एक साधन दिले गेले आणि उपचार केव्हा सुरू करायचा, हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडले नाही.

तेव्हा आपल्या वर्गात रक्तस्राव हा एकच विषय निवडून त्याचा माग प्रसूतिकक्षापर्यंत काढावा. चार विषयांच्या गुणांची सरासरी काढून कोणाचेच भले होणार नाही.

खाटांपाशी

दुसऱ्या शंकेविषयी लिहितो, कारण ग्रामीण रुग्णालयात काम करताना ती मला सतत भेडसावते.

तापाने गंभीर झालेल्या आणि रक्ताभिसरण खालावलेल्या मुलाला तासाभरात वेगाने सलाईन द्यावे, असे आम्ही शिकलो होतो आणि श्रीमंत देशांतील मार्गदर्शक सूचनांतही तेच होते. केनिया, युगांडा आणि टांझानियातील ज्या रुग्णालयांत कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय नव्हती, तिथे ३,१४१ मुलांवर याची चाचणी झाली आणि २०११ मध्ये निष्कर्ष आले. वेगाने द्रव दिलेल्या मुलांपैकी ४८ तासांत साडेदहा टक्के मुले दगावली, तर न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. मोठ्या रुग्णालयातील जी कृती निरुपद्रवी मानली जात होती ती इथे मुलांच्या जिवावर बेतली, आणि ही चाचणी तिथेच झाली नसती तर हे कळलेच नसते. मात्र जुलाबाने शुष्क झालेली आणि तीव्र कुपोषित मुले या चाचणीत नव्हती. जुलाबाच्या मुलाला द्रव नाकारण्यासाठी कोणी या अभ्यासाचा हवाला दिला, तर ते त्याहून मोठे संकट ठरेल. त्यामुळे निष्कर्ष शिकवताना तो कोणत्या रुग्णांवर आणि कोणत्या सोयींच्या आधारे काढला गेला, हे त्याच दमात सांगितले पाहिजे.

सगळेच मोठ्या चाचण्यांतले ग्रामीण भागात निरुपयोगी असते, असेही नाही. गरोदरपणातील झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट उपयोगी ठरते, हे सिद्ध करणारी २००२ ची चाचणी ३३ देशांत, दहा हजारांवर स्त्रियांवर झाली. हे औषध अंगात जास्त झाले तर श्वास मंदावतो, तरीही तिच्यात रक्तातील मॅग्नेशियमची पातळी तपासण्याची अट नव्हती. गुडघ्याखाली हातोडी मारून पाय उडतो का, मिनिटाला श्वास किती आणि लघवी पुरेशी होते का, एवढ्यावर लक्ष ठेवायचे होते. हे कोणत्याही लहान रुग्णालयात शक्य आहे, फक्त रात्री दोन वाजता ते कोण तपासणार, हे आधी ठरलेले हवे आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी हवे. आमच्याकडे हे औषध न देण्यामागचे कारण अज्ञान नव्हते, भीती होती. रुग्णाचा श्वास मंदावला तर मी एकटा काय करणार, या भीतीला प्रशिक्षणात उत्तर मिळायला हवे.

जीवसांख्यिकी

मोजमापाविषयी थोडे. प्रशिक्षण डॉक्टरला मिळते आणि परिणाम रुग्णांवर मोजायचा असतो, म्हणून एकाच रुग्णालयातील रुग्णांना स्वतंत्र धरून चालत नाही. ते एकाच डॉक्टरच्या हातून गेलेले असतात. समजा, प्रत्येक रुग्णालयातून ४० रुग्ण घेतले आणि त्यांच्यातील साम्याचा गुणांक (० म्हणजे साम्य नाही, १ म्हणजे पूर्ण साम्य) ०.०५ इतकाच किरकोळ असला, तरी आवश्यक नमुना १ + (३९ × ०.०५), म्हणजे जवळपास तिप्पट होतो. रुग्ण वाढवण्यापेक्षा रुग्णालयांची संख्या वाढवणे अधिक फलदायी ठरते. सर्वांना एकाच वेळी शिकवणे तसेही शक्य नसते. तेव्हा कोणत्या रुग्णालयाची पाळी केव्हा यावी, हे चिठ्ठीने ठरवले, तर ज्यांची पाळी अजून यायची आहे तीच आपोआप तुलनेची रुग्णालये होतात आणि कोणालाही कायमचे वगळावे लागत नाही.

एका फसगतीपासून सावध राहावे. प्रशिक्षणानंतर नोंदी सुधारतात, त्यामुळे पूर्वी नजरेतून सुटणारे रक्तस्राव आता नोंदले जातात आणि कागदावर आजार वाढल्यासारखा दिसतो. म्हणून नोंदलेल्या रक्तस्रावांची संख्या हा निकष घेऊच नये. निदान झाल्यापासून पहिले औषध मिळेपर्यंतचा वेळ, आणि पुढे पाठवलेल्यांपैकी किती जणींना निघण्यापूर्वी पहिली मात्रा मिळाली होती, हे दोन निकष लहान अभ्यासातही पेलतात. मृत्यूंची संख्या जरूर कळवावी, पण तिच्यावरून निष्कर्ष काढू नये.

या अभ्यासात डॉक्टर हेही सहभागी असतात. त्यांची संमती घ्यावी लागते, आणि कोणाच्या रुग्णालयात किती उशीर झाला, हा तपशील वरिष्ठांच्या हाती जाणार नाही, याची लेखी हमी नैतिकता समितीसमोर ठेवावी. ती नसेल तर वेळा घड्याळाप्रमाणे न लिहिता सोयीप्रमाणे लिहिल्या जातील.

अन्विता

सर्वांचे मनापासून आभार. प्रश्नपत्रिका ठेवू, पण निबंधाचा आधार म्हणून नव्हे. रक्तस्राव हा एकच विषय आणि औषधापर्यंतचा वेळ हा मुख्य निकष, असा मसुदा समितीकडे नेण्याचा विचार आहे. एक अडचण उरते: वर्ग संपला की डॉक्टर पुन्हा एकटा पडतो आणि पुष्कळदा वर्षभरात त्याची बदलीही होते. दूरसंवादाने त्याच्याशी संपर्क ठेवण्याचा उपयोग होतो का?

विवेचक

होतो, पण आजार कोणता, यावर ते अवलंबून आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली सुरू केलेल्या उपक्रमात गावोगावचे डॉक्टर ठरलेल्या वेळी दृक्‌श्राव्य माध्यमातून आपले रुग्ण तज्ज्ञांपुढे मांडत असत. हिपॅटायटिस सी हा यकृताचा विषाणूजन्य आजार बरा होण्याचे प्रमाण विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के आणि ग्रामीण केंद्रे व तुरुंगांत ५८.२ टक्के भरले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांची विभागणी चिठ्ठीने केलेली नव्हती, ही मर्यादा त्यात आहे. शिवाय तो महिनोन्‌महिने चालणारा उपचार होता, तज्ज्ञांशी बोलायला सवड होती. रक्तस्रावात ती नसते. तिथे दूरसंवाद घडून गेलेल्या प्रसंगाची चर्चा करण्यापुरता ठेवावा.

बदलीवर उपाय एकच दिसतो: प्रशिक्षण व्यक्तीला न देता प्रसूतिकक्षाला द्यावे, म्हणजे परिचारिका आणि मदतनीस यांच्यासह, त्यांच्याच खोलीत, रात्रपाळीतसुद्धा. डॉक्टर बदलले तरी उरलेल्या तिघी-चौघींना क्रम ठाऊक असतो आणि नव्या डॉक्टरला त्याच शिकवतात. सरावाच्या वेळी औषधाचे नुसते नाव घेऊ देऊ नये, कपाटातून ते प्रत्यक्ष काढायला लावावे आणि त्याला लागलेला वेळ लिहून ठेवावा. ऑक्सिटोसिन शीतपेटीत आहे की नाही आणि कपाटाची किल्ली रात्री कोणाकडे असते, हे त्यातूनच उघड होते, आणि आपल्या मुख्य निकषाची आधारभूत नोंदही त्यातूनच मिळू शकते.