पुढच्या ब्रेकचे पॅड आणि रोटर घरी बदलण्याबाबत

कँटनहून (मिशिगन), गुरुवार रात्र

मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे २०१४ सालची टोयोटा कॅमरी असून तिचे ९८,००० मैल झाले आहेत. गेल्या पंधरवड्यापासून गाडी हळू असताना ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून किंचाळल्यासारखा बारीक आवाज येतो, आणि महामार्गावर ताशी सत्तर मैलांवरून वेग कमी करताना स्टीअरिंग हातात थरथरते. पुढचे रोटर (चाकासोबत फिरणाऱ्या चकत्या) आणि त्यांना दाबून वेग कमी करणारे पॅड मी दीड वर्षापूर्वीच एका गॅरेजमध्ये नवे बसवून घेतले होते. आता त्याच गॅरेजने रोटर वाकल्याचे सांगून पुन्हा ६२० डॉलरचा अंदाज हातात ठेवला आहे. हे काम घरासमोरच्या ड्राइव्हवेवर करता येण्याजोगे आहे का? माझी मजल आजवर स्टेपनी बदलण्यापलीकडे गेलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ट्रॉयहून, शुक्रवार सकाळ

नमस्कार.

निवृत्तीपूर्वी अनेक वर्षे मी ब्रेकच्या सुट्या भागांच्या चाचण्यांचे काम केले आणि घरच्या गाड्यांचे ब्रेक आजही स्वतःच बदलतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. काम तुम्हाला नक्की जमेल. मात्र सुरुवात करण्यापूर्वी बिघाड कशामुळे झाला हे समजून घ्या, नाहीतर दीड वर्षाने हेच पत्र पुन्हा लिहावे लागेल.

रोजच्या वापरात रोटर उष्णतेने वाकणे ही गोष्ट लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळच दुर्मीळ आहे. रोटर ज्या हबवर, म्हणजे चाक धरणाऱ्या मधल्या भागावर, टेकतो त्याच्या तोंडावर आपल्या हवेत गंजाची खपली धरते. ती न काढता नवा रोटर चढवला की तो केसभर तिरका बसतो आणि फिरताना डगमगतो. टोयोटा ही डगमग ०.०५ मिलिमीटरपर्यंतच चालवून घेते, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीहूनही कमी. तिरका रोटर, तुम्ही ब्रेक दाबलेला नसतानाही, प्रत्येक फेऱ्यात त्याच एका जागी पॅडला चाटून जातो. काही हजार मैलांत त्या जागेची जाडी बदलते आणि मग ब्रेक दाबल्यावर पॅड पुढेमागे ढकलले जाऊन थरथर स्टीअरिंगपर्यंत पोहोचते. त्रास बसवल्याच्या दिवशी नव्हे तर काही महिन्यांनी सुरू होत असल्यामुळे बसवणाऱ्याकडे कोणी बोट दाखवत नाही आणि सगळा दोष बिचाऱ्या रोटरवर जातो.

किंचाळण्याचे कारण वेगळे आहे. पॅडला पत्र्याची एक वाकवलेली जीभ असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती रोटरला घासू लागते आणि ओरडते. दीड वर्षात पुढचा पॅड एवढा झिजणे हे सरळ वापराचे लक्षण नाही. माझा अंदाज असा की त्या बाजूची कॅलिपरची (पॅड रोटरवर दाबणाऱ्या पकडीची) सरकपिन अडकली आहे. तुमच्या कॅलिपरमध्ये पिस्टन आतल्याच बाजूला असतो आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो, म्हणूनच बाहेरचा पॅडही तितक्याच जोराने दाबला जातो. पिन अडकली की सगळा भार आतल्या पॅडवर पडतो. चाक काढून पाहिलेत तर बाहेरचा पॅड जाड आणि आतला पत्र्याला टेकलेला दिसेल. चाकाच्या आऱ्यांमधून डोकावणाऱ्याला फक्त बाहेरचाच दिसतो, हे लक्षात ठेवा. (हिवाळ्यात बर्फासाठी आपल्या रस्त्यांवर पडणाऱ्या आणि गाड्या गंजवणाऱ्या मिठापैकी काही खुद्द डेट्रॉइट शहराखाली सुमारे १,२०० फूट खोल असलेल्या खाणीतून येते. गंज आपल्या पायाखालूनच वर येतो, असे आम्ही प्रयोगशाळेत म्हणत असू.)

आता काम. गाडी सपाट काँक्रीटवर घ्या, पार्किंग ब्रेक लावा, मागच्या चाकांना ठोकळे द्या आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. दाराखालच्या पत्र्याच्या शिवणीवर टोयोटाने दोन खाचांमध्ये मजबूत जागा ठेवली आहे, तिथे स्टँड लावा, गाडी त्यांच्यावर उतरवा आणि मग ती हाताने हलवून पाहा. एका वेळी एकच बाजू उघडा; क्लिपा कशा बसल्या होत्या याचा विसर पडला तर दुसरी बाजू जशीच्या तशी समोर असते.

कॅलिपर सोडवल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका, स्प्रिंगला तारेने टांगा. पॅड धरणारी चौकट चांगल्याच घट्ट बोल्टांनी लावलेली असते, तिथे लांब दांड्याचा पाना लागेल. रोटर बाहेर येत नसेल तर हातोडा उचलण्याआधी त्याच्या मधल्या भागावरची दोन आट्यांची भोके शोधा. त्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलात की रोटर स्वतःच सुटतो. जुन्या रोटरवर किमान जाडी कोरलेली असते. तुमचा नवा असताना २८ मिलिमीटरचा असतो आणि २५ ही त्याची मर्यादा आहे.

यानंतरच्या कामात वेळ अजिबात वाचवू नका. हबचे तोंड तारेच्या ब्रशने आणि सँडपेपरने घासून बोटाला कुठेही खवला लागणार नाही इतके साफ करा. मला एका बाजूला अर्धा तास लागतो, आणि हा अर्धा तास ठराविक वेळेत गाड्या संपवणाऱ्या गॅरेजकडे नसतो. जुन्या क्लिपा काढून चौकटीतील गंज खरवडा, नव्या क्लिपा बसवा. दोन्ही पिना ओढून काढा, पुसा, त्यांवर ब्रेकसाठीचेच सिलिकोन ग्रीस लावा. साधे पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवते. एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असेल तर ती पिन मूळच्याच भोकात परत गेली पाहिजे. नव्या रोटरवर गंज रोखणारे तेल असते, तेही ब्रेक क्लीनरने धुवून काढायचे. ब्रेकची धूळ मात्र हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या चिंधीने पुसा.

पिस्टन मागे ढकलण्यासाठी सी-क्लॅम्प आणि जुना पॅड पुरतो. सावकाश ढकला आणि ब्रेक ऑइलच्या डब्याकडे लक्ष असू द्या, कारण पातळी वर चढते आणि सांडलेले ऑइल रंग खाते. शेवटी चाकाचे नट चांदणीच्या आकाराच्या क्रमाने, आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने ७६ फूट-पाउंडवर आवळा. इतर बोल्टांचे आकडे टोयोटाच्या तांत्रिक संकेतस्थळावर दोन दिवसांची वर्गणी भरून मिळतात. गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरलात तर पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाईल.

नोव्हायहून, शुक्रवार दुपार

नमस्कार. वरील माहितीत दोन गोष्टींची भर घालतो. मंडळातील अनेकांकडे बटणावर चालणारा पार्किंग ब्रेक असलेल्या नव्या गाड्या आहेत. त्यांच्या मागच्या चाकांचा पिस्टन क्लॅम्पने रेटू नये, गाडी आधी सर्व्हिस मोडमध्ये घ्यावी लागते, अन्यथा आतली मोटर तुटू शकते. दुसरे असे की भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी आपला करार वाचावा. आमच्या पहिल्या घरी पार्किंगमध्ये गाडी उघडण्यास बंदी होती आणि मला अर्ध्यावरून तंबी मिळाली होती.

पिस्टन ढकलताना ब्लीडर (कॅलिपरवरचा ऑइल बाहेर सोडणारा स्क्रू) उघडून जुने ऑइल बाहेर काढावे, म्हणजे ते एबीएसकडे (चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेकडे) उलटे जात नाही, असे माझे मत आहे.

ट्रॉयहून, शुक्रवार संध्याकाळ

तत्त्वतः मान्य आहे. परंतु मिशिगनमधील दहा वर्षांच्या गाडीचा ब्लीडर आट्यांतून सुटण्याऐवजी तुटण्याचीच शक्यता अधिक असते, आणि पहिल्यांदाच हात घालणाऱ्या व्यक्तीला रविवारी दुपारी तो प्रसंग नको. ऑइल बदलायचे असल्यास ते वेगळे काम म्हणून करावे.

कँटनहून, रविवार रात्र

नमस्कार काका, आणि सर्वांना.

काम झाले. तासाचे म्हणून धरले होते, साडेपाच तास लागले. डाव्या बाजूचा बाहेरचा पॅड सात मिलिमीटर भरला. आतल्या पॅडवर नखाएवढा थर उरला होता आणि ती जीभ घासून चकचकीत झाली होती. खालची पिन पक्कडीने पिळून काढावी लागली. तिच्यावरचे ग्रीस वाळून काकवीसारखे झाले होते आणि रबरी टोपण फाटलेले होते, म्हणून टोपणांचा संच आणायला मध्येच दुकानात जावे लागले. आट्यांच्या दोन भोकांची युक्ती नसती तर मी तिथेच हात टेकले असते. एका बोल्टाच्या चौथ्या अर्ध्या फेऱ्याला बंदुकीसारखा आवाज झाला आणि रोटर माझ्या मांडीवर आला, शेजारी धावत बाहेर आले.

रोटरच्या मागे हबवर रुपयाएवढी गंजाची खपली होती आणि नेमक्या तिच्याच समोर रोटरच्या आतल्या अंगाला तिचा ठसा उमटला होता. दोन्हींचे छायाचित्र सोबत जोडते आहे.

रिकाम्या रस्त्यावर ताशी ३० मैलांवरून पाचपर्यंत, मध्ये गार होऊ देत, आठ-दहा वेळा वेग कमी करून पॅड बसवून घेतले, मग महामार्गावर गेले. स्टीअरिंग स्थिर आहे. नट ५० मैलांनंतर पुन्हा तपासावेत असे दुकानदाराने सांगितले आहे, ते बुधवारी करीन. टॉर्क पाना तोवर माझ्याकडेच आहे. मंडळातील कोणाला हवा असल्यास कळवावे.