मदत हवी आहे : ग्रँड रॅपिड्सचे लाकूडतोडीचे संग्रहालय वडिलांना दाखवावे का?

वैनगंगाकाठ
येत्या शनिवारी वडिलांना ग्रँड रॅपिड्सच्या ‘फॉरेस्ट हिस्टरी सेंटर’ला न्यायचे आहे. मुक्कामाचे आज रात्रीच ठरवायचे असल्याने कृपया लवकर उत्तर द्यावे. एका दिवसात जाऊन परतता येईल का? आणि तेथे नुसत्या पाट्या वाचत फिरावे लागेल की काही प्रत्यक्ष पाहायला मिळेल?

पाइनछाया
आपण कोणत्या ग्रँड रॅपिड्सविषयी विचारत आहात? आम्ही मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सजवळ राहतो. इकडे येणार असाल, तर ग्रेलिंगजवळचे हार्टविक पाइन्स गाठावे. कुऱ्हाडीतून वाचलेले पांढऱ्या पाइनचे जुने रान तेथे अजून उभे आहे, आणि ज्यांच्या आसाखाली ओंडके साखळीने टांगून ओढत असत, ती माणसापेक्षा उंच चाकेही पाहता येतात.

वैनगंगाकाठ
मिनेसोटातले ग्रँड रॅपिड्स. आम्ही मिनियापोलिसहून निघू.

उत्तरवारा
मग वाट साधारण तीन तासांची आहे. सकाळी लवकर निघाल्यास त्याच दिवशी परतता येईल. मात्र वडिलांना किती चालवते आणि इंग्रजी कितपत समजते, हे कळल्याशिवाय पुढचे सांगणे कठीण आहे.

वैनगंगाकाठ
वडील वनखात्यात होते आणि त्यांची बरीच नोकरी आलापल्ली-बल्लारशा भागात सागवानाच्या डेपोंवर गेली. इंग्रजी समजते. गुडघे दुखतात.

उत्तरवारा
हे आधी सांगितले असते, तर मी लगेच ‘अवश्य न्या’ असे लिहिले असते. तेथे १९०० सालच्या हिवाळ्यातला लाकूडतोड्यांचा तळ उभा केलेला आहे. मजुरांची झोपायची लांबलचक खोपटी, लोहारशाळा, घोड्यांचा तबेला आणि मुदपाकखाना यांतून त्या काळच्या वेशातली माणसे वावरतात आणि त्या काळातलीच होऊन बोलतात. ओंडक्याच्या तोंडावर मालकाचा शिक्का उमटवणारा हातोडा वडिलांना नक्की दाखवायला सांगा. नदीत अनेक मालकांचे ओंडके एकत्र वाहत येत आणि पुढे शिक्का पाहूनच वेगळे केले जात. कुपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, हातोडा मारलेल्या माणसाला त्याचे मोल वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

हिमरेषा
माझे मत वेगळे आहे. मिनेसोटातली लाकूडतोड हे मुख्यतः हिवाळ्याचे काम होते. रात्री घसरगाड्यांवरच्या टाक्यांतून वाटेवर पाणी सोडून बर्फाच्या चाकोऱ्या तयार करीत आणि त्यांवरूनच घोडे ओंडक्यांनी लादलेल्या अवजड घसरगाड्या ओढीत. उन्हाळ्यात, हिरव्या गवतावर, हे सारे अर्धेच समजते.

उत्तरवारा
हिमरेषा, आपले म्हणणे खरे असले तरी दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला बर्फावर चालवणे मला योग्य वाटत नाही. शिवाय वसंतात बर्फ वितळल्यावर ओंडके नदीत सोडीत आणि त्यांच्या मागोमाग ‘वॉनिगन’ नावाचे तरते स्वयंपाकघर जाई. तेही तेथे मिसिसिपीच्या काठी पाहायला मिळते.

गावकुसाबाहेर
अभिनेत्री जुडी गारलंड यांचा जन्म १९२२ साली याच गावात झाला आणि त्यांचे संग्रहालयही तेथे आहे, तेव्हा तेही पाहून घ्यावे.

पाइनछाया
पण हा तळ मुळातला नसून नव्याने बांधलेला आहे. आमच्याकडचे झाडांचे रान तरी अस्सल आहे.

उत्तरवारा
तळ नव्याने बांधलेला आहे, हे तेथे कोणी लपवत नाही. उभे रान पाहून जंगल कळते. पण पहाटे उठून, जेवणाच्या टेबलावर गप्पांना मनाई असताना, भराभर जेवून थंडीत करवत ओढायला निघणारा माणूस कळण्यासाठी तळच हवा. तोडीनंतर मागे पडलेल्या फांद्या-शेंड्यांचे काय झाले, हेही तेथे विचारावे. १८९४ साली मिनेसोटातल्याच हिंकली गावच्या वणव्यात चारशेहून अधिक माणसे गेली, त्या आगीला याच वाळलेल्या पसाऱ्याने बळ दिले. वणव्यांवर नजर ठेवण्यासाठीचा शंभर फुटी मनोराही आवारात आहे, पण वडिलांनी तो चढू नये.

वैनगंगाकाठ
मुक्काम करायचे ठरवले. वडील म्हणतात की गडचिरोलीतल्या कमलापूरला ओंडके ओढायला हत्ती होते, तेव्हा घोडा बर्फावर पाय कसा रोवतो, हे त्यांना पाहायचे आहे. घोड्यांच्या नालांविषयी कोणी सांगू शकेल का?

हिमरेषा
बर्फात रुतणारी अणकुचीदार टोके नालांना बसवीत. लोहारशाळेत विचारा, तो प्रश्न तेथल्या माणसाला आवडेल.