मदत हवी आहे: साइडलोड ४७ टक्क्यांवर थांबलं, आता प्ले सर्व्हिसेस सारखी बंद पडतेय

नमस्कार मंडळी,

काल रात्री दोन वाजेपर्यंत फोनशी झटापट केली आणि शेवटी हात टेकले, म्हणून इथे विचारतेय. थोडं लांबेल, पण सगळं क्रमाने सांगितलं नाही तर तुम्हीच विचाराल.

फोन पाच वर्षांचा आहे. यंत्र म्हणून त्याला काहीही झालेलं नाही, बॅटरी गेल्याच वर्षी बदलली. कंपनीने मात्र अँड्रॉइड १२ दिलं आणि हात झटकले. सुरक्षा पॅचची तारीख दोन वर्षांपूर्वीची, आणि त्याच पानावर 'तुमचा फोन अद्ययावत आहे' हे वाक्य! लिनिएजओएसच्या (कंपनीऐवजी स्वयंसेवकांनी बनवलेल्या, अँड्रॉइडवर आधारलेल्या सिस्टिमच्या) अधिकृत यादीत माझं मॉडेल सापडलं, तेव्हा ठरवलं, आता करूनच बघू.

डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ओईएम अनलॉकिंग चालू केलं, फास्टबूटमधून (फोन लॅपटॉपच्या कमांड ऐकतो तो मोड) बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम, अनलॉक केला. यात सगळा डेटा पुसला जातो हे माहीत होतं, त्यामुळे फोटो आधीच लॅपटॉपवर काढले होते. लिनिएजची रिकव्हरी (सिस्टिम बसवायचा-पुसायचा वेगळा मेनू) टाकली, फॅक्टरी रीसेट केलं आणि लॅपटॉपवरून एडीबी साइडलोड (एडीबी या टूलने केबलवरून फाइल पाठवून फोनवर बसवणं) सुरू केलं. आकडा चढत चढत ४७ वर आला आणि तिथेच बसला. खाली ओळ आली: 'फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस'. अरे, फेल की सक्सेस, एकदाचं काय ते ठरवा ना!

दहा मिनिटं वाट पाहिली, मग देवाचं नाव घेऊन रीबूट केलं. तर चक्क लिनिएज सुरू झालं. वायफाय जोडलं, भाषा निवडली, वॉलपेपरसुद्धा बदलला. मग लक्षात आलं की प्ले स्टोअर कुठेच नाही. परत रिकव्हरीत जाऊन माइंडदगॅप्सची झिप साइडलोड केली (गॅप्स म्हणजे प्ले स्टोअर, प्ले सर्व्हिसेस वगैरे गुगलची अ‍ॅप). 'सिग्नेचर व्हेरिफिकेशन फेल्ड, तरीही टाकायचं का?' असं विचारलं, मी 'येस' दाबलं.

तेव्हापासून फोन सुरू होतो, पण 'प्ले सर्व्हिसेस बंद पडली' ही खिडकी मिटवेपर्यंत दुसरी उघडते. अकाउंट जोडताच येत नाही.

माझे प्रश्न: ४७ टक्क्यांमुळे रॉम (म्हणजे ही नवी सिस्टिम) अर्धवट बसलं असेल का? सिग्नेचरच्या वेळी 'येस' दाबून घोळ केला का? की सरळ कंपनीच्याच रॉमवर परत जावं?

प्रतिसाद १

ताई, फोनला काही झालेलं नाही. जिथे घाबरलात तिथे सगळं ठीक होतं आणि जिथे निर्धास्त होतात तिथे चूक झाली.

आधी ४७ चं कोडं. साइडलोड करताना एडीबी असं गृहीत धरतं की फोन ती फाइल दोनदा वाचणार, एकदा तपासायला आणि एकदा बसवायला, वर थोडं किरकोळ वाचन. म्हणजे फाइलच्या आकाराच्या साधारण २.१३ पट डेटा गेला की १०० टक्के. तुमची फाइल एकदाच पूर्ण वाचली गेली. १०० ला २.१३ ने भागून बघा, ४७ येतात. बऱ्याच फोनवर असंच होतं. त्या 'फेल्ड... सक्सेस'कडेही लक्ष देऊ नका. काम झालं की नाही ते फोनच्या पडद्यावर बघायचं, लॅपटॉपच्या नाही.

सिग्नेचरचंही तेच. गॅप्सची झिप लिनिएजच्या किल्लीने सही केलेली नसते, त्यामुळे रिकव्हरी ती ओळखत नाही. झिप योग्य ठिकाणाहून घेतली असेल तर 'येस'च दाबायचं.

चूक वॉलपेपर बदलण्यात झाली. म्हणजे त्याच्या आधी, फोन पहिल्यांदा सुरू केलात तिथे. गॅप्स पहिल्या बूटच्या आधी बसावे लागतात. एकदा सिस्टिम गॅप्सशिवाय सुरू होऊन तिने आपला डेटा तयार केला, की मागून आलेल्या प्ले सर्व्हिसेसना हव्या त्या परवानग्या नीट मिळत नाहीत आणि त्या कोसळत राहतात.

उपाय: रिकव्हरीत जा, फॅक्टरी रीसेट करा, रॉम पुन्हा साइडलोड करा आणि सिस्टिम सुरू न करता गॅप्स टाका. मगच रीबूट.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात एक पायरी राहिली. फोन ए/बी स्लॉटवाला (सिस्टिमसाठी दोन जागा, एक चालू आणि एक निष्क्रिय) असेल तर रॉम नेहमी दुसऱ्या, निष्क्रिय स्लॉटवर बसतं, पण तुम्ही उभ्या असता जुन्याच स्लॉटच्या रिकव्हरीत. म्हणून रॉम टाकून झालं की आधी रिकव्हरीतूनच पुन्हा रिकव्हरीत रीबूट करायचं आणि मग गॅप्स. नाहीतर ते भलत्याच स्लॉटवर जातात आणि प्ले स्टोअर गेलं कुठे म्हणून माणूस रात्रभर शोधत बसतो. (मी बसलोय.)

प्रतिसाद ३

उत्साहावर पाणी ओतायचं नाही, पण पुढचं माहीत असलेलं बरं. बूटलोडर उघडा आहे हे गुगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीत कळतं, त्यामुळे काही बँकांची अ‍ॅप चालायला नकार देतील. बऱ्याच फोनवर वाइडवाइन (व्हिडिओची चोरी रोखणारी यंत्रणा) एल१ या वरच्या पातळीवरून एल३ वर घसरतं, मग पैसे भरून घेतलेल्या सिनेमाच्या अ‍ॅपवर एचडी दिसत नाही. आणि कुणी कितीही सांगितलं तरी हे रॉम असताना बूटलोडर पुन्हा लॉक करू नका. बहुतेक फोन लॉक झाल्यावर फक्त कंपनीच्या सहीचं रॉम सुरू करतात, तसं केलंत तर फोन खरोखरच वीट होईल.

कंपनीच्या रॉमवर जायची वेळ आलीच, तर आधीपेक्षा जुनं फर्मवेअर टाकू नका. अँटी-रोलबॅक (जुनी आवृत्ती नाकारणारी सोय) असलेला फोन त्यात कायमचा जाऊ शकतो.

धागाकर्ती

झालं!! सकाळी वीस मिनिटांत उरकलं. आकडा परत ४७ वरच थांबला, या वेळी मी चहा घेत बसले होते. फोन ए/बीचाच निघाला, त्यामुळे मधलं रिकव्हरी रीबूट केलं. अकाउंट जुळलं, स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करून आयएमईआय दिसतो का तेही बघितलं, दोन्ही आहेत.

बँकेच्या दोन अ‍ॅपपैकी एक चालतं, दुसरं उघडल्या उघडल्या बंद होतं. त्याचं काम ब्राउझरमधून करेन. फोन सुरू होताना बूटलोडर उघडा असल्याची ताकीद पाच सेकंद झळकते, तिचीही सवय होईल.

आता दोन शेवटच्या शंका. पुढच्या अपडेटला हा सगळा खटाटोप परत करायचा का? आणि सेटिंग्जमध्ये 'ट्रस्ट' नावाच्या पानावर प्लॅटफॉर्मचा पॅच ताजा दिसतोय, पण व्हेंडरचा तोच दोन वर्षांपूर्वीचा. हे कसं?

प्रतिसाद १

व्हेंडर म्हणजे चिप आणि मोडेमचं बंदिस्त सॉफ्टवेअर. त्याचा सोर्स लिनिएजवाल्यांकडे नसतो, कंपनीने शेवटचं जे दिलं तेच वापरावं लागतं. म्हणजे अँड्रॉइडमधली भोकं बुजली, मोडेममधली आहेत तशीच. पूर्वीपेक्षा बरं, नव्या फोनइतकं नाही.

अपडेटचं सोपं आहे. सेटिंग्जमधल्या अपडेटरमधून येतं, गॅप्स आपोआप टिकतात, डेटाही. फक्त अँड्रॉइडची मोठी आवृत्ती बदलेल तेव्हा पुन्हा लॅपटॉप काढावा लागेल, आणि त्या आवृत्तीचे गॅप्सही रॉमसोबतच टाकायचे, पहिल्या बूटच्या आधी.