मोझॅक लादीवर पडलेली फिरकी डोळ्यासमोर असून दिसत का नाही?

गिरगावची_मीनल
परवा आईच्या मोत्याच्या कुडीची फिरकी पडली. आमची गिरगावातली जुनी चाळ, खोलीत तीच पिवळट-काळ्या खड्यांची मोझॅक लादी. मी, आई आणि शेजारच्या काकू तासभर वाकून शोधतोय, केर काढून सुपलीत चाळून बघितला, काही नाही. शेवटी भाच्याने मोबाइलचा टॉर्च अगदी जमिनीला टेकवून धरला आणि दोन मिनिटांत मिळाली, आणि कुठे तर कपाटाच्या पायाशी, जिथे मी चारदा तरी बघितलं होतं! बहिणीकडे ठाण्याला पांढऱ्या टाइल्स आहेत, तिथे टाचणी पडली तरी उभ्या उभ्या दिसते. माझे डोळे गेल्याच महिन्यात तपासलेत, नंबर बरोबर आहे. मग समोरची वस्तू दिसत नाही म्हणजे मेंदूत नक्की काय होतं? वस्तूचा आकार आणि लादीची नक्षी तो वेगवेगळं बघतो का?

कलिना_सायको
मीनलताई, प्रश्न खूप आवडला, मी हेच शिकवते म्हणून जरा लांबण लावते.

डोळ्यातून निघालेली माहिती डोक्याच्या पार मागच्या बाजूला जाते, तिथे पहिला थांबा व्ही-वन. १९५९ मध्ये ह्यूबेल आणि विझल यांनी मांजरावर प्रयोग करून दाखवलं की तिथल्या पेशींना ठिपके दाखवून फारसं काही होत नाही, पण ठराविक कोनात तिरकी रेघ किंवा कड आली की त्या जोरात पेटतात, म्हणजे भराभर सिग्नल पाठवतात. ते कळलंही योगायोगानेच, प्रोजेक्टरमध्ये काचेची स्लाइड सरकवताना तिच्या कडेची सावली पडली आणि पेशी एकदम जोरात पेटली. पुढे १९८१ चं नोबेल मिळालं त्यांना. म्हणजे मेंदूची सुरुवात वस्तूपासून होत नाही, कडांपासून होते.

आता पांढऱ्या टाइलवर कड एकच, टाचणीची. तुमच्या लादीवर प्रत्येक खड्याला कडा, त्याही सगळ्या कोनांत, त्यात फिरकीची आणखी एक. शिवाय शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना दाबतात, आजूबाजूला एकसारखं असेल तर सगळ्या गप्प आणि वेगळं असलेलं एकटं उठून दिसतं, पण जिथे सगळंच वेगळं तिथे उठून काय दिसणार?

पुढचा थांबा व्ही-टू, इथे पोत म्हणजे टेक्स्चर कळायला लागतं. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की खऱ्याखुऱ्या पोताच्या चित्रांना व्ही-टूच्या पेशी जास्त प्रतिसाद देतात, व्ही-वनला तेवढा फरक पडत नाही. आणि नजरेच्या कडेला जे असतं त्याचा मेंदू बहुतेक गोषवाराच ठेवतो, ‘इथे खडे आहेत’ एवढंच, एकेक खडा नाही. हात लांब करून अंगठा धरा, साधारण त्या रुंदीएवढ्याच भागात आपल्याला एकदम बारीक दिसतं. तुम्ही चारदा बघितलं ते त्या भागाकडे, फिरकीवर नजर नेमकी टेकलीच नसणार.

माहीमकर_७१
वेगवेगळं बघतो का, याचं उत्तर आमच्या घरात आहे. सासऱ्यांना स्ट्रोक आला त्यानंतर समोर वाटी ठेवली तर म्हणायचे स्टीलचं काहीतरी आहे, चकाकतंय, पण वाटी की पेला ते सांगता यायचं नाही, हात लावला की लगेच ‘वाटी’. आम्हाला आधी वाटलं विसरायला लागलेत, त्यांच्यावर चिडलोही, त्याचं आजही वाईट वाटतं.

कलिना_सायको
माहीमकर, चिडलात म्हणून मनाला लावून घेऊ नका, घरच्यांना हे कळणं फार अवघड असतं. अगदी अशीच एका बाईची प्रसिद्ध केस आहे, डी. एफ. नावाने ओळखतात. १९८८ मध्ये आंघोळ करताना खराब गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली. नंतर तिला रंग कळायचा, पोत कळायचा, आकार मात्र नाही, चौरस की आयत ते सांगता यायचं नाही. पण तिरक्या फटीत कार्ड टाक म्हटलं की बरोबर त्याच कोनात हात वळायचा! आकार ओळखायचा भाग बिघडला, हाताला वाट दाखवणारा बऱ्यापैकी शाबूत. आणि उलटा पेशंटही सापडलाय, आकार ठीक पण रंग आणि पोत गेलेले. म्हणजे दोन्ही कामं पुष्कळशी वेगळ्या जागी चालतात.

आणि बाथरूममध्ये गॅस गीझर असेल त्यांनी खिडकी उघडी ठेवा, कळकळीने सांगते.

पवई_कोडर
कॉम्प्युटरचं नेमकं उलट आहे. फोटो ओळखणाऱ्या नेटवर्कला, म्हणजे फोटो दाखवून शिकवलेल्या प्रोग्रॅमला, मांजराच्या आकारावर हत्तीची कातडी चढवलेलं चित्र दिलं तर ते हत्ती म्हणालं, माणसं मांजर म्हणतात. आपण आकाराला धरून चालतो, ते पोताला.

गिरगावची_मीनल
सगळ्यांचे खूप आभार. पण टॉर्चने का दिसली मग? उजेड तर ट्यूबलाइटचाही होता.

कलिना_सायको
ट्यूब वरून आहे ताई. लादी घासून सपाट केलेली, खडे म्हणजे नुसते रंगाचे डाग, त्यांची सावली पडत नाही. फिरकी मात्र वर आलेली. उजेड आडवा आला की तिची एकटीचीच लांब सावली पडते, म्हणजे त्या हजार कडांत नसलेली नवीनच कड तयार झाली. शिवाय टॉर्च हलवला की सावली सरकते, आणि हलणारं मेंदू चटकन वेगळं काढतो.

गिरगावची_मीनल
आत्ता रात्री दिवा बंद करून मटकीचा दाणा टाकून बघितला. टॉर्च वर धरला तर गायब, खाली टेकवला तर बोटभर सावली! आईलाही दाखवलं, ती अजून दाणे टाकतेय.